त्याचे सामने, माझे रविवार

बाबा,

पाटणकर बाजारात रविवारी सकाळी आता स्कूटर लावायलासुद्धा जागा मिळत नाही. आज गेले होते. भरताची वांगी घेतली, तुम्ही शिकवलं होतंत तशी हातावर तोलून, देठ बघून. भाजीवाला वैतागला. "दीदी, सब एक जैसे हैं, उठा लो." तुम्ही असतात तर त्याला तिथेच उभं करून वांग्यावर व्याख्यान दिलं असतंत आणि मी शेजारी लाजेनं मेले असते. घरी आले, गॅसवर वांगं ठेवलं, आणि ते भाजता भाजता वाटलं की तुमच्याशी बोलायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगावं तर म्हणतील, चांगला निर्णय घेतलास, आता रडतेस कशाला.

निर्णय माझ्या लेकाबद्दलचा. तुम्ही त्याला बघितलंच नाहीत, तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी झाला. अकरा वर्षांचा आहे आणि बॅडमिंटन खेळतो. हो, तेच. मी त्याला पोहायला घातलं, चित्रकलेला घातलं, तबल्याला घातलं, तरी हा फिरून फिरून तिथेच गेला. गेल्या आठवड्यात त्याच्या कोचनं मला हॉलबाहेर थांबवलं. "मॅडम, यहाँ तो ये सबको हरा देता है. अब बाहर नहीं निकालोगे तो यहीं का होके रह जाएगा." बाहेर म्हणजे इंदूर, भोपाळ, जबलपूर. महिन्यातून दोनदा शुक्रवारी गाडीत बसायचं, सोमवारी पहाटे परत, आणि आईबापांपैकी एकानं बरोबर जायचं. आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे हात वर केले. तुझ्या माहेरचा खेळ आहे, तूच ठरव, म्हणाले.

माहेरचा खेळ. माझ्या माहेरचा खेळ बाजारहाट होता, बाबा. आठवतं का तुम्हाला? रविवारी आई स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे, तो तुमचा दिवस. मी स्कूटरवर पुढे उभी, तुमच्या हातांच्या मधे, आणि आपण गोरखीवरून बाजारात. आधी गरम बेडई, ती डाळ भरलेली पुरी, द्रोणात बटाट्याची भाजी, मला तिखट लागलं की तुम्ही जिलबीचा तुकडा पुढे करायचात. मग भाजी. वांगं मीच निवडायचं. चुकीचं निवडलं तरी तुम्ही तेच घ्यायचात, घरी चिरून आतल्या बिया दाखवायचात आणि त्या बियांसकट भरीत करायचात. जेवताना सगळ्यांना सांगायचात, आज वांगं हिनं निवडलंय, बोलायचं काम नाही. धाकटा भाऊ तेव्हा अंगणात भिंतीवर शटल मारत असायचा. त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं, आणि तो खुशीत होता.

मग कुणीतरी तुम्हाला सांगितलं की पोराच्या हातात जादू आहे. तो नऊ वर्षांचा, मी अकराची. तुमच्या ऑफिसातले लोक म्हणायचे, अहो, इथल्या आपल्या मराठी लोकांत सगळे वकील नाहीतर मास्तर, एक तरी खेळाडू निघू दे. तुमच्या डोक्यात ते असं बसलं की बसलंच. शुक्रवार आला की पत्र्याच्या पेटीत त्याचे कपडे, दशम्या, लोणच्याची बाटली. तुम्ही दोघं रिक्षात बसताय आणि मी फाटकाशी उभी आहे. तुम्ही मला म्हणताय, आईला त्रास देऊ नकोस. मी काय त्रास देणार होते? रविवारी आई खिचडी टाकायची. तिलाही कंटाळा असायचा, तिच्यावर माझा राग नाही.

एका रविवारी तुम्ही लवकर परत येणार होतात. मी आईच्या मागे लागून बाजारातून बेडई आणवली, तुमची म्हणून झाकून ठेवली. तुम्ही आलात, धाकटा मागे, मान खाली, पहिल्याच फेरीत हरलेला. मी ताट पुढे केलं तर तुम्ही म्हणालात, "भाऊ हरून आलाय आणि तुला खायचं सुचतंय? लाज नाही वाटत?" मी ताट उचलून आत नेलं. संध्याकाळी तुम्हाला वाईट वाटलं असावं, कारण बॅगेतून फ्रॉक काढून दिलात, इंदूरहून आणलेला, पिवळा, छान होता. खांद्यातच अडकला. तुम्ही तो वर्षापूर्वीच्या माझ्या मापानं आणला होतात. आईनं शिवण उसवली तरी तो झाला नाही, शेवटी मावशीच्या मुलीला गेला.

धाकट्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. सोळाव्या वर्षी एका शुक्रवारी पेटी भरून तयार होती आणि तो न्हाणीघरात कडी लावून बसला. आतून एकच वाक्य, मला नाही जायचं. तुम्ही आधी ओरडलात, मग समजावलंत, मग दाराशी पाटावर बसून राहिलात. गाडी निघून गेली. त्यानंतर त्यानं रॅकेट हातात धरली नाही. तुम्हीही परत स्वयंपाकघरात शिरला नाहीत, रविवारी पेपर वाचत बसायचात. मी कॉलेजात गेले होते. माझे रविवार परत मिळाले तेव्हा ते मला नको होते, आणि हे मी तुम्हाला दाखवूनही दिलं.

कंपू भागातल्या हॉस्पिटलात, शेवटच्या दिवसांत, एकदा दुपारी तुम्ही म्हणालात, "त्याला मी फार लवकर बाहेर काढलं ना ग?" मी म्हटलं, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. मग मी वाट बघत बसले. वाटलं, आता माझं नाव निघेल. फ्रॉक नाही तर नाही, भरीत तरी. तुम्ही पाणी मागितलंत. मी चमच्यानं पाजलं आणि तुम्ही झोपलात.

कोचनं विचारलं त्या दिवशी मी धाकट्याला पुण्याला फोन केला. तुझ्या भाच्याला बाहेर खेळवायचं म्हणतात, काय करू? तो मग म्हणाला, "ताई, मला काय विचारतेस? त्याला विचार. मला कुणी विचारलं नव्हतं." मी म्हटलं, म्हणजे नकोच ना? तर म्हणतो कसा, "नको असं नाही ग. हॉलमधे नाव पुकारलं की पळून जावंसं वाटायचं, ते वाईट. पण गाडीतला प्रवास मस्त. बाबा रस्ताभर शेंगदाणे सोलून द्यायचे, स्टेशन आलं की त्याच्या गोष्टी सांगायचे. झाशीपासून सुरू करायचे ते बीना स्टेशनाशी मला डोळा लागेपर्यंत. त्याच्याएवढं चांगलं नंतर काही झालंच नाही." मी फोन ठेवला. खरं सांगू? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाळिशी उलटलेली बाई, दोन पोरांची आई, आणि मला शेंगदाण्यांचा हेवा वाटत होता. मला वाटायचं तुम्ही तिकडे नुसते सामने बघता. माझा रविवार तुम्ही गाडीत घालून त्याला नेऊन देत होतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

काल मी कोचला नाही म्हणून सांगितलं. कारण दिलं धाकट्या लेकीचं. ती आठ वर्षांची आहे. दर दुसऱ्या आठवड्याला आमच्यातलं एक जण पोराबरोबर गेलं तर ती मागे पडेल, तिच्या मनावर परिणाम होईल, असं बरंच काही बोलले. कोच म्हणाला, जैसी आपकी मर्ज़ी. शाळेतल्या बाईंनी कौतुक केलं, सासूबाईंनी केलं, हल्ली इतका विचार कोण करतं म्हणून. रात्री जेवताना लेकीला सांगितलं, दादा आता नाही जाणार हं, रविवारी आपण सगळे बरोबर. तर ती म्हणते, "जाने दो ना आई त्याला. मला पूरा बेड मिळाला असता." आणि वरणभात खात राहिली. तिला बाजाराचा कंटाळा आहे, बाबा. तिला वांगं आवडत नाही. ती माझ्यासारखी नाही, तिच्या बापावर गेली आहे, कुठेही टाका, मजेत राहते.

मग मी बाजाराला एकटीच गेले आज. भाजीवाल्यासमोर वांगं हातात घेऊन उभी असताना लख्ख कळलं की मी नाही म्हटलं ते तिच्यासाठी नव्हतंच. फाटकाशी उभ्या असलेल्या त्या मुलीला मी तिचे रविवार आणून देत होते, आणि त्याचे पैसे माझ्या पोराच्या खिशातून. तुम्ही हो म्हणालात तेव्हा तुमच्या पोराच्या तोंडाकडे बघितलं नाहीत. मी नाही म्हटलं तेव्हा माझ्या पोराच्या तोंडाकडे बघितलं नाही. इतकी वर्षं तुमच्यावर रागावले आणि शेवटी तुमच्यासारखीच निघाले, फक्त उलट्या दिशेनं. भाऊ म्हणाला होता, त्याला विचार. एवढं सोपं काम होतं.

भरीत झालं आहे. बिया निघाल्या, सांगायला नको. आत्ता पोरगा मागच्या गच्चीवर भिंतीवर शटल मारतोय, टप टप आवाज येतोय. तो चिडला नाही. चिडला असता तर भांडले असते, माझं तोंड काही बंद नसतं. मघाशी पाणी प्यायला आत आला, पेला ठेवला, आणि जाता जाता पाठमोराच म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी वो लोग परत विचारतील ना?"

मी हो म्हटलं, बाबा. अगदी ठामपणे म्हटलं, तुम्ही म्हणायचात तसं. विचारतील की नाही, मला माहीत नाही.