कालवांच्या सहा रांगा आणि युए-लुआनची तपासणी

मी, वेंग चिन-शुइ, वय एकोणसत्तर, राहणार तुंगशी गाव, जिल्हा चियायी, धंदा कालवं पिकवण्याचा, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे स्वहस्ते लिहून ठेवतो. गाठी यकृतात आहेत, डोक्यात नाहीत.

१. राहतं घर पत्नी शू-चेन हिचं. छप्पर गळतं. माझ्या आळसाची चर्चा तिने शेजारणींपुढे करू नये.

२. कालवं फोडायच्या सुऱ्या मुलगा पो-यान याला. तो तायपेत संगणकापुढे बसतो, वापरणार नाही. तरी विकू नयेत.

३. धाकटा भाऊ मु-शेंग बावीस वर्षांपूर्वी यकृताच्या कॅन्सरने गेला. त्याच्या रक्तात काविळीचा 'बी' विषाणू सापडला, त्या दिवसापासून मी त्याचं जेवण वेगळं केलं. तेव्हा सगळे तेच करत. मेज एकच, पण वाडगा आणि जेवायच्या काड्या त्याच्या निराळ्या. मेजाच्या मध्ये सगळ्यांसाठी ठेवलेल्या माशाला त्याने मरेपर्यंत, म्हणजे अकरा वर्षं, हात लावला नाही. एवढी काळजी घेतली म्हणजे मला धोका नाही, असं समजून मी स्वतःचं रक्त कधी तपासलं नाही. गेल्या वर्षी पोट फुगलं तेव्हा गाठ सात सेंटिमीटरची निघाली आणि रक्तात तोच विषाणू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हा विषाणू एका ताटात जेवल्याने लागत नाही. तुम्हा भावंडांना बहुधा जन्मतानाच आईकडून आला. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली असती, तर गाठ लहान असताना सापडली असती."

मु-शेंग, माझं चुकलं. यापुढे पूर्वजांना पान मांडाल तेव्हा त्याचं वेगळं मांडू नये.

४. खाडीतल्या, कालवं धरायच्या बांबूंच्या सहा रांगा बहीण युए-लुआन हिला. अट अशी, की तिने व तिच्या दोन्ही मुलींनी आधी रक्त तपासून घ्यावं. सरकारने तान्ह्या बाळांना लस द्यायला सुरुवात केली, त्याआधीच्या त्या मुली. अट ऐकून ती भडकली. मरतानाही हुकूम सोडतोस म्हणाली. मग जरा वेळाने हळूच बोलली, "दादा, माझ्यातही निघाला तर आईनेच तिघांना दिला असं ठरेल. मला ते कागदावर बघायचं नाही."

मी म्हटलं, "आईला कुठे ठाऊक होतं? तुला मात्र आता ठाऊक झालंय."

ती निघून गेली.

५. (बारा दिवसांनी जोडलेलं.) युए-लुआन तपासून आली. तिच्यात आहे, धाकट्या मुलीत आहे. यकृत दोघींचंही स्वच्छ. आता दर सहा महिन्यांनी तपासणी करायची. थोरलीत नाही, तिला लस दिली. सबब कलम चारमधली अट रद्द, रांगा युए-लुआनच्याच.

तपासणीला जाण्याआधी तिने देव्हाऱ्यापुढे चंद्रकोरीच्या आकाराच्या लाकडी फळ्या तीनदा टाकून, रक्त तपासून घेऊ का, असा आईला कौल लावला होता. काल मला सांगत होती, "तिन्ही वेळा आई हो म्हणाली, दादा. तिलाच माझ्यापेक्षा जास्त घाई."

हे लिहिलेलं साक्षीदारांनी माझ्यासमोर वाचलं.

साक्षीदार : हुआंग थिएन-त्साय, शेजारी (सही)
को मिंग-हुई, निवृत्त शिक्षक (सही)

वेंग चिन-शुइ (सही व शिक्का)
तुंगशी, २० एप्रिल २०२४