आधी कोणता विषय

प्रिय शीला,

भाताची आवणी आटपली का तुमची? रविवारी घरी पोशेऱ्याला गेलीस की अजून चिखलात उतरतेस, की जव्हारला कापडाच्या दुकानात लागल्यापासून पाय जपतेस? इथं मुंबईत मी बरी आहे असंच सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे गेले काही दिवस घास उतरत नाही. आजारी नाही गं, घाबरलेय. आश्रमशाळेत तू सगळ्यांना सांगायचीस, प्रगती कशालाच भीत नाही. म्हणून हे लिहिताना लाज वाटते. पण फोनवर बोलायला गेलं की भलतंच काहीतरी बोलून ठेवून देते, शेवटी कागदच घेतला.

आमच्याकडचं शिक्षण कसं चालतं ते आधी सांगते, नाहीतर माझी भीती तुला कळणार नाही. शाळेत आपण भूगोलात नापास झालो तरी इतिहास शिकता यायचा. विमानाच्या इंजिनिअरिंगमध्ये तसं नाही. आधी गणित. ते झालं की हवा आणि पाणी कसं वाहतं तो विषय. मग विमानाच्या पंखावर हवा काय करते ते, मग विमान हवेत तोल कसा सांभाळतं ते, आणि हे सगळं झाल्यावर शेवटच्या वर्षी अख्ख्या विमानाचा आराखडा. यातला प्रत्येक विषय वर्षातून एकदाच शिकवतात. आवणीचे दिवस गेल्यावर दिवाळीत रोपं लावता येतात का? तसंच. दुसऱ्या वर्षी माझी गणिताची परीक्षा हुकली. पुढच्या वर्षी मी ते चांगल्या मार्कांनी पास झाले, पण तोवर त्याच्यापुढचे सगळे विषय एकेक वर्ष सरकले होते. घरी मी कुणालाच सांगितलं नाही. वाटायचं, कुठंतरी धावून गाठू.

या महिन्यात शेवटच्या वर्षाचे विषय नोंदवायचे होते. मी दोन तऱ्हांनी क्रम लावून पाहिला. एकात राहिलेले विषय आणि आराखडा सगळं एकदम घ्यायचं आणि येत्या मे महिन्यात मोकळं व्हायचं. दुसऱ्यात क्रमाने जायचं आणि एक वर्ष जास्त थांबायचं. आमच्या सल्लागार सरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "खास परवानगी मी देईन. पण एक विषय घसरला, की बाकीचे त्याच्यावर येऊन पडतील. तुला घाई कशाची आहे?"

घाई बाबांची आहे, शीला. माझे बाबा कसे आहेत तुला माहीतच आहे, ढवळू म्हणजे सगळ्या पाड्याला हसवणारा माणूस. यंदा वसईच्या वीटभट्टीवरून आले ते वाकूनच. मला म्हणाले, "मे महिन्यात तुझं संपलं की मी भट्टीवर पाय ठेवायचा नाही." आणि हसले. तेव्हापासून ते हसणं माझ्या मानेवर बसलंय. म्हणून मी घाईचाच क्रम धरला होता. मग वाचनालयात मागच्या वर्षीच्या मुलांचा आराखडा उघडून बसले. दुसऱ्या पानापासून मला काही कळेना. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. त्या दिवशी मला कळलं की मी हे पाठ करून कदाचित पास होईन, पण मला विमान येणार नाही. सरांकडे परत गेले आणि एक वर्ष जास्त घेणारा क्रम नोंदवून आले. खोलीवर येऊन खूप रडले. ठरवलं ते बरोबरच आहे, तरी भीती जात नाही.

आता तू विचारशील, गणित हुकलंच कसं? आईच्या पोटातली गाठ काढायची होती ते दिवस आठव. डॉक्टर सांगत होते उशीर नको, आणि आई दवाखान्याची पायरी चढायला तयार नव्हती. ती वावर गावची. लहानपणी तिथं तिचा धाकटा भाऊ तापानं फणफणला, त्याला दवाखान्यात नेलं, आणि तो परत आला नाही. तेव्हापासून दवाखाना म्हटलं की तिचं अंग गार पडतं. "प्रगती आली तरच जाईन," एवढंच ती म्हणत होती. मी आले. तिचा हात धरून आत नेलं, आणि ती शुद्धीवर येईपर्यंत बाहेर तुझ्याजवळ बसले. तू विचारलंस, "तुझी परीक्षा ना?" मी म्हटलं, "पुढं ढकलली." ढकलली नव्हती, शीला. मी तिथं बसले होते तेव्हाच इकडं पेपर चालू होता. घरच्या आजारपणाचे कागद देऊन पुन्हा बसता आलं असतं का, ते मी कुणाला विचारलंही नाही.

बाबा रागावतील, गप्प बसतील, मग पुन्हा भट्टीवर जातील, ते मी सोसेन. भीती आईची वाटते. वर्ष का वाढलं हे ती विचारत विचारत मागे जाईल आणि त्या ऑपरेशनपाशी येऊन थांबेल. आपल्यामुळे पोरीचं वर्ष गेलं हे एकदा मनात बसलं, की पुन्हा दुखलं तरी ती कुणाला सांगणार नाही, पोट धरून तशीच शेतात उभी राहील. खोटं सांगावं तर बाबांना वाटेल मी शिकण्यात ढ आहे, आणि तेही मला सोसत नाही.

तू मेसेज करून विचारलं होतंस, मागच्या बाजाराला जव्हारच्या स्टँडवर दिसलेली मीच का. हो, मीच. सांगायचं म्हणूनच आले होते. उतरले, आणि समोर आई कर्टोल्यांची पाटी घेऊन बसलेली. कुणाशी तरी बोलत मनापासून हसत होती. त्याच गाडीनं मी परत फिरले. तू हाक मारलीस तीही ऐकली होती. येत्या रविवारी मी पुन्हा येतेय आणि या वेळी खरं तेच सांगणार आहे. स्टँडवर ये, मला एकटीला परतीच्या गाडीजवळ जाऊ देऊ नकोस, पोशेऱ्यापर्यंत सोबत चल. आणि घरी गेल्यावर मी बोलायला लागले की माझ्याशेजारी बसू नकोस. आईशेजारी बस, आणि तिचा हात धर.

वाट पाहणारी तुझीच,
प्रगती