आत्यासाहेबांचे कार्ड

रावपुरा, बडोदे
६ ऑक्टोबर २०२५

ती. धनाजीदादांस,
शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी दुकानात स्कूटरच्या ब्रेक केबल मोजत होतो, तेव्हा आत्यासाहेबांनी घरी बोलावून घेतले. तुमच्या चौकीवर फोन लागत नाही, म्हणून लिहितो. आधी हे सांगतो, की तुमच्या आईची तब्येत ठणठणीत आहे. गेले ते पैसे.

कोजागिरीच्या दुधासाठी त्या एटीएमवर गेल्या होत्या. पैसे निघेनात. मागच्या माणसाने गुजरातीत मासी, मासी करत कार्ड पुसून दिले, नंबर दाबताना मान लांबवून पाहिले आणि कार्ड बदलून हातात ठेवले. घरी आल्यावर त्यांना ते कळले. सासरची तलवार थोरल्या दिरांकडे, म्हणून खंडेनवमीला त्या पाटावर आपले एटीएम कार्डच पुजतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. नवमीला लावलेले कुंकू या कार्डावर नव्हते! मी नाव वाचले, तर कुणा भलत्याचेच.

मी लगेच बँकेला फोन लावून कार्ड बंद करवले, तक्रार क्रमांक घेतला, सायबर पोलिसांच्या १९३० वरही कळवले. तोवर समा भागातल्या एका मशीनमधून चाळीस हजार निघाले होते. त्या जेवल्या. मी अजून जेवलो नाही.

या बातमीने माझ्यावर रागावू नका, एवढेच मागतो.

आपला,
विक्रमसिंह


सीमेवरील चौकी
२१ ऑक्टोबर २०२५

चि. विक्रम यास,
अनेक आशीर्वाद.

तू उपाशी राहून चोर सापडणार नाही, तेव्हा जेव. आईला सांग, पुढच्या वर्षी पाटावर लाटणे ठेव म्हणावे, ते कुणी बदलून नेत नाही.

आता थट्टा पुरे. नवीन कार्ड आले की तू ताब्यात घे. पेन्शन तू काढ आणि तिला लागेल तसे हातावर दे. तिचे वय झाले. पैसे परत येतील ही आशा सोडा.

सर्वांना माझी आठवण सांग.

तुझा,
धनाजीदादा


रावपुरा, बडोदे
९ जानेवारी २०२६

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

चाळीस हजार परत आले! सगळे!

तुमचे पत्र पोस्टमनकडून आत्यासाहेबांनीच घेतले आणि माझ्याआधी वाचले. संध्याकाळी म्हणाल्या, की उद्यापासून भाजीला दहा रुपये मागायला मी तुझ्यापुढे उभी राहायची का.

दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेत गेलो. साहेब म्हणाले, माजी, नंबर सांगितल्याशिवाय पैसे निघत नाहीत, तुम्हीच सांगितला असेल. त्यावर त्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, की पोटच्या पोराने तीनदा मागितला, त्याला दिला नाही, तो त्या मेल्याला देईन होय? रांग हसली. साहेबांनी एटीएमच्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण मागवले. त्यात त्या माणसाची लांबलेली मान आणि कार्डाची अदलाबदल स्वच्छ दिसली.

तरीही बँकेने लेखी नकार दिला. मी रात्रभर तळमळलो. त्यांनी मात्र सकाळी चष्मा पुसला आणि मला रिझर्व्ह बँकेचे नियम वाचायला बसवले. चूक गिऱ्हाइकाची होती हे बँकेने सिद्ध करायचे असते, असे त्यात निघाले. मी तक्रार लिहिली, त्यांनी खाडाखोड करायला लावली, आणि आम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे पाठवली. काल पैसे जमा झाले.

तुमची आज्ञा मोडली, क्षमा असावी. कार्ड त्यांच्याकडेच आहे. आज त्यांनी स्वतः पैसे काढले. मला दाराबाहेर, रस्त्याकडे तोंड करून उभे केले होते. मागे आलेल्या एका भल्या गृहस्थालाही त्यांनी माझ्या शेजारी उभे केले.

खर्च: झेरॉक्स ५४, रिक्षा २६०, पोस्ट ४२, मिळून ३५६ रुपये. ते आत्यासाहेबांनी दिले. माझे कुणाकडे काही येणे नाही. तुमच्याकडून मात्र त्यांना एक पत्र येणे आहे.

आपला,
विक्रमसिंह