माझ्या नावापुढचा शब्द

मंगळवार, ७ मार्च १९१६, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन नुकतेच पुसले आहेत. मी, रूबेन हॅगर, वय बावीस, धंदा नावे रंगवणे, राहणार केंब्रिज, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहितो. परवा पलटणीत हजर व्हायचे आहे.

१. पोस्टातली बचत आईला. सायकल विकावी, मागचा ब्रेक लागत नाही, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

२. ब्रश बहीण टिलीला. कॉलेजांत जिन्यांच्या तळाशी काळ्या फळ्या असतात. दर ऑक्टोबरात त्यांवरची जुनी नावे पुसून नव्या विद्यार्थ्यांची पांढऱ्या रंगात लिहायची. टिलीचा हात माझ्याहून स्थिर आहे. गेल्या ऑक्टोबरात मी बरीच नावे पुसली. त्या जागी लिहायला नवी नावेच नव्हती, पोरे लढाईवर गेली होती.

३. पाच नोव्हेंबरच्या शेकोटीत गाववाले आणि विद्यार्थी यांची दरवर्षी जुंपायची. तेव्हा लॅसेल्स नावाच्या विद्यार्थ्याची चौकोनी टोपी मी पळवली होती. ती त्यांना परत द्यावी. त्यांनी माझा दात पाडला, ते माफ.

४. माझ्या नावाची पाटी लावायची वेळ आलीच, तर नावापुढे 'कँटाब्रिजियन' लिहावे. हे आमच्या गावाच्या लॅटिन नावावरून आले आहे, अर्थ 'केंब्रिजचा'. पदवीवाले ते जन्मभर मिरवतात. चौदाव्या वर्षी शिडी धरून मी मालकांना, म्हणजे मिस्टर गॅदरकोलना, विचारले होते, "मग आपणही तेच ना?"

"आपण? आपण रंगारी! शिडी नीट धर, विद्वाना."

जिना उतरणारे कॉलेजातले म्हातारे प्राध्यापक डॉक्टर हॅस्लॉप थांबले. "गॅदरकोल, पोरगा इथेच जन्मला ना? मग शब्द त्याचाच. आम्ही पाहुणे." त्या दिवशी मी नदीकाठाने पळत घरी गेलो होतो.

५. साक्षीदाराला वारसा देता येत नाही म्हणतात, म्हणून मालकांना काही ठेवलेले नाही. राग नसावा.

सही करण्याआधी मालकांनी चौथे कलम दोनदा वाचले. मी म्हणालो, "नको असेल तर खोडतो. पण सही करा, नाहीतर हे सगळेच फुकट जाईल."

"खोडू नकोस," ते म्हणाले. "शब्द तुझाच आहे. फक्त तो लिहायची पाळी माझ्यावर आणू नकोस, पोरा."

सही: रूबेन हॅगर
आम्हा दोघांसमक्ष, एकाच वेळी:
वॉल्टर गॅदरकोल, रंगारी
हेस्टर पम्फ्री, शेजारीण
केंब्रिज, ७ मार्च १९१६