चार पट्टे, चार हूक

मुलुंड, ८ जानेवारी १९८७

सौ. रुक्मिणीस, खुशाली आणि आशीर्वाद.

पलंगावरून झोळीत उचलणाऱ्या त्या यंत्राची धास्ती आता सोड. मागे हूक निसटून मी लोंबकळलो, तेव्हापासून उचलण्याआधी सगळं तपासायचं ठरलं होतं, पण इथल्या रुग्णालयातल्या आया घाईत विसरायच्या. म्हणून मी शाळेतल्यासारखी कविताच रचून दिली:

चार पट्टे, चार हूक,
ओढून बघा, नको चूक!

आता खोल्याखोल्यांत ती घुमते! काल आमची आया शकू मला उचलायला घाईघाईने हँडल फिरवू लागली, तर शेजारचे सीताराम ओरडले, “अगं ए, आधी कविता!” तिने पट्टे ओढून पाहिले. एक हूक सुटाच होता.

कंबर अजून हलत नाही. ते जाऊ दे. तुझा गुडघा कसा आहे?

जन्मभर माझ्या कवितांना हसलीस ना? आता बोल!

तुझा, अजून शाबूत,
दशरथ