दहावा पेला

नववा चांद्रमहिना, उत्सवाचा आदला दिवस
पोचलो एकदाचे फुकेतला. पिनांगपासून बसने हाडं खिळखिळी केली, पण मन खूश आहे. माझं वय चौऱ्याहत्तर, अक्षरओळख नाही, डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून मी बोलते आणि नात हुइलान लिहिते. चाळीस वर्षं माझं लिहिणं म्हातारा करायचा. बाजारात बसून लोकांची पत्रं लिहून द्यायचा तो. मध्येच स्वतःचं घुसडायचा, लबाड.

धाकटी बहीण स्यूगेक दारातच म्हणाली, ताई, तुझ्याआधी तुझं पोट आलं की गं! मी म्हटलं, नऊ दिवस पाला खायचाय, साठा करून आणलाय. तिने भांडी घासून लख्ख केलीत, घरात मांसाचा वाससुद्धा नाही. देवळापुढे नऊ दिव्यांची काठी उभी राहिली. नऊ राजदेव आता येतील.

मग गेकने विचारलं, दाजी कुठेत? मी म्हटलं, गुडघे धरलेत, मागाहून येतील.

म्हातारा जाऊन चाळीस दिवस झाले. आमच्यात सुतक शंभर दिवसांचं, आणि सुतकातल्या माणसाने या उत्सवाला फिरकायचं नसतं. पण गेल्या वर्षी हुइलानची छाती भरली, तेव्हा मीच नवस बोलले होते. पोरगी वाचली तर येत्या उत्सवात तिला इथल्या देवळातल्या, पीडा उतरवणाऱ्या पुलावरून चालवीन. आता देवांना थांबा कसं म्हणू? पोरीला दटावलंय, तोंड शिवून ठेव.

पहिला दिवस
पांढरे कपडे चढवले. हुइलान बगळ्यासारखी दिसते, मी पिठाच्या पोत्यासारखी. दारातल्या टेबलावर राजदेवांसाठी चहाचे नऊ पेले मांडायचे होते. मी दहा भरले. घरी सकाळचा पहिला पेला म्हाताऱ्याचा असायचा, हात चळला. गेक म्हणाली, ताई, नऊसुद्धा मोजता येत नाहीत? जास्तीचा उचलायला गेले, तर रिकामा. चहा काय उन्हाने प्यायला?

तिसरा दिवस
मिरवणूक पाहिली. देव अंगात आलेला एकजण गालातून आरपार सळई घेऊन आमच्यापुढे थांबला. प्रसादाचं संत्रं हुइलानला दिलं, एक मला दिलं. तिसरं माझ्या शेजारी धरून उभाच राहिला. शेजारी कोणी नव्हतं.

मग हात मोकळा करून पुढे गेला. संत्रं खाली पडलं नाही, असं हुइलान म्हणते. मी तिला म्हटलं, डोळे माझे गेलेत, तुझे नव्हे.

चौथा दिवस
गेक हसत वर आली. म्हणाली, दाजी आले की गं पहाटे! थकलेत, माडीवरच्या पलीकडच्या खोलीत झोपलेत. तुझ्यासारखं बोलत नाहीत, देवाची कृपा.

मी हसले. थट्टाच असणार तिची.

पाचवा दिवस
थट्टा नाही. गेक आता दारात दहावा पेलाही मांडते, दाजींसाठी. पलीकडच्या खोलीत मी जाऊन आले. मला कोणी दिसलं नाही. पलंगाची गादी मात्र मध्ये दबलेली, उबदार.

सहावा दिवस
हुइलानला ताप. छाती पुन्हा घरघरते. गेक कुरकुरत होती, दाजींना शोभतं का, उत्सवात डुकराचं मांस मागतात! जिन्यात चक्रीफूल घालून शिजवलेल्या मांसाचा वास आहे. त्याचं आवडतं.
तो पोरीला न्यायला आलाय. खरं सांगितलं तर आम्हाला पुलाजवळ उभं करणार नाहीत. नाही सांगितलं तर—

आठवा दिवस
ताप उतरत नाही. गेक म्हणते, दाजी रात्रंदिवस नातीच्या उशाशी बसतात, किती माया! मी त्या खुर्चीला म्हटलं, पोरीला हात लावू नको. मला—
खुर्ची करकरली.

नववा दिवस, दुपार
आज संध्याकाळी पूल. नवस जाऊ दे. लिही पोरी, कण्हत का होईना पण लिही, हा कागद गेकला द्यायचाय.
गेक, मी खोटं बोलले. तुझे दाजी मेलेत. तो दहावा पेला मांडू नको. शिक्षा मला होऊ दे, पोरीला नको—

थांब. खालून कोण हाक मारतंय? हुइलान? अंगणातून?
ताप उतरला म्हणते. गेकआजीबरोबर पुलाकडे निघाली, तू सावकाश ये म्हणते. हसतेय. चालेल माझी पोर पुलावरून—

पण पेन अजून कुरकुरतंय. इथे, माझ्या शेजारी. चक्रीफुलाचा वास— मग मघापासून हे कोण—

मी गप्प बसते. एक शब्द बोलणार नाही.

तू सांगितलंस तसा मागाहून आलो. गुडघे आता दुखत नाहीत. पोरीसाठी नव्हतो आलो गं. ऊठ, तुझा पेला भरून ठेवलाय, निवायच्या आत—