बाबांच्या नावाचा घोडा

लिंकन, नेब्रास्का
१४ ऑक्टोबर १९८७

प्रिय ऑरिन,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून आधी पाकीट उलटंसुलटं करशील. घाबरू नकोस, वाईट बातमी नाही. गुडघा सोडला तर मी ठीक आहे. तुझी वासरं विकून झाली असतील. तुझ्या मार्लीसला आठवण सांग.

आपल्या कुरणातल्या ओढ्याकाठी सापडलेला तो प्राचीन छोटा घोडा, ज्याच्या जातीला मी बाबांचं नाव दिलं... तशी वेगळी जात नव्हतीच.

यंदा व्हॅलेंटाइन गावाजवळ एकाच थरात त्रेसष्ट जबडे मिळाले. उन्हाळाभर मी एकेका दाढेची लांबी, रुंदी, उंची मोजत होते. दाढ झिजत गेली की खालचा निमुळता भाग वर येतो आणि मापं घटतात. सगळी मापं कागदावर मांडली, तर आधीपासून माहीत असलेल्या मोठ्या घोड्यापासून आपल्या छोट्यापर्यंत ठिपक्यांची सलग रांग. वेगळी जात म्हणायला मध्ये कुठेतरी फट हवी, ती नाही. आपले जबडे त्याच मोठ्या जातीतल्या म्हाताऱ्या घोड्यांचे.

तू हे तेव्हाच म्हणाला होतास. जेवणाच्या टेबलाशी, जबडा हातात घेऊन. "अगं थेल्मा, म्हातारा आहे हा! पार झिजल्यात दाढा. आपल्या डॉली घोडीचं तोंड उघडून दाखवू का?" सगळे हसले. माझे विद्यापीठातले पाहुणेसुद्धा. आणि त्यांच्यासमोर मी म्हटलं, "तू गुरं राख. विचार करायचं माझ्यावर सोड."

तू उठून गेलास, तो गेलासच.

एवढंच असतं तर माफी मागून मोकळी झाले असते. पण ऑरिन, मी चार जबड्यांवर लेख लिहिला. जबडे पाच होते. पाचवा नेमका मधल्या मापाचा. मोडका आहे, असं स्वतःला सांगून मी तो कपाटात टाकला. मोडका नव्हता.

त्याआधी, बाबांच्या शेवटच्या आजारात तू तीनदा फोन केला होतास. "आता ये गं, तुझं नाव घेतायत." मी म्हटलं, खोदकाम आठवड्यात उरकतं. ते उरकलं तेव्हा तुम्ही त्यांना पुरून आला होतात. मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं. जात वेगळी निघाली असती तर बाबांचं नाव कायमचं राहिलं असतं. म्हणून मी ती वेगळी काढली.

सोमवारी नवा लेख छापायला पाठवला. त्यात पाचही जबड्यांची मापं आहेत, आणि झिजलेल्या दाढा पहिल्यांदा कुणी ओळखल्या तेही, तुझ्या पूर्ण नावानिशी. बाबांच्या नावापुढे आता 'रद्द' लागेल.

आई अजून चर्चमध्ये सगळ्यांना त्या घोड्याबद्दल सांगते, हे मला ठाऊक आहे. शनिवारी येऊन मीच तिला सांगणार आहे, कपाटातल्या जबड्यासकट. ती तुझ्याकडे बघून विचारेल, खरं का रे हे? तेव्हा माझी बाजू सावरू नकोस.

बाबांच्या मातीला न आलेली,
तुझी मोठी बहीण
थेल्मा